सापडले की जागेवर ठेवावे

लेटरबॉक्स म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोस्टाची लाल पेटी उभी राहते. पण इंग्लंड-अमेरिकेत याच नावाचा एक खेळ आहे. त्यातली पेटी रस्त्याच्या कडेला उभी नसते, ती लपलेली असते. कधी झाडाच्या ढोलीत, कधी दगडाच्या आडोशाला, कधी बागेतल्या पडलेल्या ओंडक्याखाली. ती शोधायची, उघडायची, आपण आल्याची खूण करायची आणि होती तशी परत लपवून ठेवायची. या खेळाची माहिती आज आम्ही आपल्या कुटुंबांसाठी देत आहोत. त्याला पैसा फारसा लागत नाही. शिवाय मुलांना जे सांगता सांगता आपला घसा कोरडा पडतो, ते हा खेळ सहज शिकवून जातो.

खेळाचा जन्म इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातला. तेथे डार्टमूर नावाचे मोठे उजाड माळरान आहे. दगड, गवत, दलदल आणि धुके. त्याच्या उत्तर भागात क्रॅनमिअर पूल नावाची जागा आहे. इंग्रजीत पूल म्हणजे डबके, आपला नदीवरचा पूल नव्हे. त्या डबक्यातही आता पाणी उरलेले नाही. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट नावाचा वाटाड्या हौशी लोकांना माळरान दाखवायला नेत असे. १८५४ साली त्याने तेथे एक बाटली ठेवली. एवढी दलदल तुडवून जो पोहोचेल त्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे, एवढीच कल्पना.

वाचकहो, हा खेळ कोणा लॉर्डाने काढलेला नाही. लोकांना वाट दाखवून पोट भरणाऱ्या माणसाने तो काढला. मात्र नावाचे छापील कार्ड त्या काळी कोणाच्या खिशात असणार? साहेबाच्या! पुढे १८८८ साली बाटलीच्या जागी पत्र्याची पेटी आली आणि १९०५ साली वही आली. वहीत ज्याला अक्षर येते त्या कोणालाही सही करता येते. १९०७ साली रबरी शिक्का आला. लोक स्वतःचा पत्ता लिहिलेले पोस्टकार्डही पेटीत ठेवून जात. पुढच्या माणसाने ते उचलावे आणि घरी परतल्यावर पोस्टात टाकावे, असा रिवाज पडला. कोण कोणाचा, ना ओळख ना पाळख, पण एकाचे पत्र दुसरा पोहोचवी. लेटरबॉक्स हे नाव त्यावरूनच पडले.

डार्टमूरची वाट न् वाट पुस्तकात उतरवून ठेवणारे लेखक विल्यम क्रॉसिंग १९२८ साली वारले. १९३८ साली त्यांच्या स्मरणार्थ डक्स पूल या ठिकाणी आणखी एक पेटी बसवण्यात आली. अनेक दशके बोटांवर मोजण्याइतक्याच पेट्या होत्या. १९७० नंतर त्या भराभर वाढल्या आणि शंभर पेट्या शोधणाऱ्यांचा एक क्लबही निघाला. अमेरिकेतील 'स्मिथसोनियन' मासिकात १९९८ साली यावर लेख आला आणि खेळ समुद्रापार गेला. तेथे तो माळरानावरून गावातल्या सार्वजनिक बागेत उतरला. त्यामुळे लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या तो आवाक्यात आला.

बागेतला खेळ असा चालतो. पेटी लपवणारा एक खूणचिठ्ठी लिहितो. समजा ती अशी आहे: "फाटकातून आत या. डाव्या हाताच्या तिसऱ्या बाकाशी थांबा. तेथून सूर्य मावळतो त्या दिशेला वीस पावले चाला. दोन खोडांचे झाड दिसेल. त्याच्या मागच्या मुळांत पाहा." आता बापाची वीस पावले आणि आठ वर्षांच्या मुलीची वीस पावले सारखी नसतात. मग वाद होतो, पुन्हा मोजणी होते, चिठ्ठी पुन्हा वाचली जाते. पश्चिम कुठली हे आजी आधी सांगते. घाईने वाचणाऱ्याला पेटी सापडत नाही, नीट वाचणाऱ्याला सापडते. अभ्यासाला यापेक्षा वेगळे काय लागते?

पेटी म्हणजे घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. आत एक शिक्का आणि एक लहान वही. शोधणाऱ्याजवळ आपला स्वतःचा शिक्का, वही आणि शाईचे पॅड असते. पेटीतला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला शिक्का पेटीतल्या वहीत उठवायचा आणि तारीख घालायची. शिक्का बहुधा घरीच खोडरबरावर कोरतात. आपल्या मुलांनी बालवाडीत भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे उठवलेले असतात, तीच ही कला. अक्षर उलटे कोरले तरच सुलटे उठते, हे तेवढे ध्यानात ठेवावे. पाते मात्र मोठ्या माणसाने हातात घ्यावे.

आता खरा मुद्दा. शाळेच्या स्नेहसंमेलनात खजिन्याचा शोध असतो. त्यात एक जिंकतो, बाकीचे हरतात आणि खजिना जिंकणाऱ्याच्या घरी जातो. या खेळात कोणी काही घरी नेत नाही. डबा उघड्या बागेत पडून असतो. त्याला कुलूप नाही, राखणदार नाही. एकाने जरी तो पळवला, किंवा झाकण नीट लावले नाही आणि वही भिजली, तरी मागून येणाऱ्या सगळ्यांचा खेळ संपला. म्हणून सापडल्यावर आरडाओरड करायची नाही, भोवती माणसे असतील तर थांबायचे, आणि जाताना पेटी पहिल्यासारखी झाकून जायचे. डार्टमूरवर तर नियमच आहे की पेटीसाठी खणू नये, सिमेंट वापरू नये आणि जुन्या पाषाणांना, पडक्या वास्तूंना हात लावू नये. आपल्याला मिळाले ते मागच्याच्या हाती जसेच्या तसे पोहोचवायचे, ही सवय सार्वजनिक नळाला, वाचनालयाच्या पुस्तकाला आणि जिन्यातल्या दिव्यालाही लागू पडते.

एक सावधगिरीची सूचना. १९९३ आणि २००६ चे स्फोट सोसलेल्या मुंबईत बेवारस डबा दिसला की लोकांच्या काळजात धस्स होते, आणि ते योग्यच आहे. इंग्लंडमध्येही २०११ साली वेदरबी गावात अशाच जातीच्या खेळातला एक डबा बॉम्ब समजून निकामी करावा लागला. तेव्हा शहरातल्या सार्वजनिक बागेत गुपचूप डबा लपवू नये आणि अनोळखी डब्याला मुलांनी हात लावू नये. चाळीचे आवार, वस्तीचे मैदान, शाळेचे पटांगण अशी ओळखीची जागा निवडावी. जागेच्या जबाबदार माणसाला आधी सांगावे. डबा पारदर्शक असावा आणि त्यावर 'मुलांचा खेळ' असे ठळक लिहावे.

सुट्टीच्या दिवशी हे करून पाहा. जुना डबा, अर्धी उरलेली वही, एक खोडरबर आणि शाईचे पॅड एवढे सामान पुरे. खूणचिठ्ठी मोठ्या मुलीकडून लिहवून घ्या, धाकट्यांना शोधू द्या. पुढच्या आठवड्यात डबा शेजारच्या मुलांनी लपवावा. महिन्याभराने वही उघडून पाहा. कोणकोण आले, कोणत्या तारखेला आले, ते शिक्क्यांवरून कळेल. आणि वही कोरडी, डबा जागेवर असेल, तर आपली मुले चांगली खेळली असे समजावे.