डबक्यात गप्पी सोडण्यापूर्वी

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की आंबोली आणि चौकुळच्या सड्यांवर जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचते. कुठे वीतभर, कुठे जेमतेम चार बोटे. रस्त्याने जाणाऱ्याला ते डबके वाटते आणि डबके म्हटले की डास आठवतो. त्याच सुमारास गावोगावी डासविरोधी मोहिमाही सुरू होतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पैदास टाकीतले गप्पी मासे पिशव्या भरभरून वाटले जातात. साचलेले पाणी दिसले की त्यात गप्पी सोडायचा, असा सोपा हिशेब लोकांच्या मनात पक्का बसला आहे. हेतू चांगलाच आहे, पण हा हिशेब सड्यावरच्या खळग्याला किंवा देवळाच्या कुंडाला लावणे चूक ठरेल. निसर्गप्रेमी हे सांगतातच. वैद्यकशास्त्राचा पुरावाही त्याच बाजूला झुकतो.

आधी या उथळ पाण्यात असते काय ते पाहू. आंबोलीचा पट्टेदार भेक, शास्त्रीय नाव झॅन्थोफ्रायनी टायग्रिना, २००९ मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदवला गेला. पावसाच्या सुरुवातीला सड्यावरच्या अशाच उथळ खळग्यांत त्याची अंडी आणि पिल्ले वाढतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या पाण्यात २०२० मध्ये शिस्तुरा हिरण्यकेशी हा छोटा, तळाशी राहणारा मासा शास्त्राला नव्याने कळला. तेजस ठाकरे, प्रवीणराज जयसिंहन आणि शंकर बालसुब्रमण्यम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका माशासाठी एवढे करावे, ही महाराष्ट्रात सहसा न घडणारी गोष्ट.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याच्याच कुळातला गॅम्बुसिया १९२८ मध्ये इटलीमार्गे भारतात आला. दोन्ही मासे डासांच्या अळ्या खातात, यात शंका नाही. अडचण अशी की ते फक्त अळ्याच खात नाहीत.

कॅलिफोर्नियातले गोड्या पाण्याचे अभ्यासक स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी सहकाऱ्यांसह हे कृत्रिम तळ्यांमध्ये पडताळून पाहिले. त्यांचा निबंध १९७२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. गॅम्बुसिया सोडलेल्या तळ्यांतले सूक्ष्म कवचधारी प्राणी आणि कीटक झपाट्याने कमी झाले. हे सूक्ष्म प्राणी शेवाळाचे कण खाऊन पाणी निवळ ठेवतात. तेच गेल्यावर शेवाळ माजले आणि पाणी हिरवे झाले. मासे नसलेली तळी मात्र स्वच्छ राहिली. डास मारायला सोडलेल्या माशाने पाण्याची सारी घडीच बदलून टाकली.

पुढे नेदरलँड्सचे मार्टन शेफर यांनी उथळ तळ्यांचा हा स्वभाव सविस्तर मांडला. उथळ तळे दोन स्थितींपैकी एकीत स्थिरावते. एकीत पाणी निवळ असते आणि तळाशी वनस्पती असतात. दुसरीत पाणी गढूळ असते आणि शेवाळाचे राज्य चालते. खते, सांडपाणी किंवा चुकीचे मासे यांचा भार हळूहळू वाढत जातो, तोवर वरवर काही दिसत नाही. मग एखाद्या मोसमात तळे अचानक पालटते. एकदा पालटले की भार थोडा कमी करून भागत नाही, तो पुष्कळ कमी करावा लागतो. मधुमेहाचा रुग्ण वर्षानुवर्षे ठणठणीत दिसतो आणि एके दिवशी थेट अतिदक्षता विभागात येतो; शरीर बरेच दिवस सांभाळून घेते, हे डॉक्टरांना ठाऊक असते. तळेही तसेच सांभाळून घेते, पण ठरावीक मर्यादेपर्यंत.

मग डासांचे काय? हा प्रश्न रास्त आहे. पण नैसर्गिक डबक्यात डासांना आधीच वैरी असतात. पाठीवर पोहणारे ढेकूणवर्गीय कीटक, पाणभुंगे, चतुरांची पिल्ले हे सगळे अळ्यांवर जगतात. इस्रायलच्या हैफा विद्यापीठातले लिऑन ब्लाउस्टाइन यांनी पावसाळी डबक्यांचा दीर्घ अभ्यास केला. ज्या डबक्यात पाठपोहे कीटक असतात, तिथे काही जातींच्या डासांच्या माद्या अंडी घालायचेच टाळतात, असे त्यांना दिसले. शिकाऱ्याने पाण्यात सोडलेल्या रसायनांवरून माद्यांना धोका कळतो. जिवंत डबके असा स्वतःचा पहारा बऱ्याच अंशी स्वतःच करते. गॅम्बुसियाने कीटक संपवले की हा पहाराही उठतो.

गप्पी सोडल्याने माणसांचा आजार कमी होतो का, हा डॉक्टरांसाठी खरा प्रश्न. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये अळीभक्षक माशांवरचे संशोधन तपासले. काही ठिकाणी अळ्या कमी झाल्याचे आढळले. पण त्यामुळे लोकांमधला मलेरिया कमी झाला, हे दाखवणारा एकही भरवशाचा अभ्यास त्यांना मिळाला नाही. औषधाने रक्तातला एखादा आकडा सुधारला म्हणजे रुग्ण बरा झाला असे नव्हे. इथेही तेच तारतम्य लावायला हवे.

डेंग्यूच्या बाबतीत तर सड्यावरचे डबके जवळजवळ निर्दोष आहे. डेंग्यूचा एडिस इजिप्ती डास माणसाच्या घराभोवती राहतो. पिंपात, टाकीत, टायरमध्ये, नारळाच्या करवंटीत, कुंडीखालच्या ताटलीत आणि छपरावर टाकलेल्या प्लास्टिकच्या घडीत तो वाढतो. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी करणे, म्हणजेच ‘कोरडा दिवस’ पाळणे, हा अजूनही सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. ते काम सोडून रानातल्या पाण्यात मासे सोडणे म्हणजे जखम एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे.

गप्पी सगळीकडे वाईट, असेही नाही. बंद पडलेली शहरी विहीर, कारंज्याचा हौद, बांधकामावरची सिमेंटची टाकी यांत तो उपयोगी पडू शकतो. अट एकच, तिथून तो ओढ्यात जाता कामा नये. आंबोलीत ही अट पाळणे अशक्यच. वर्षाला सात मीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात कुठले पाणी जागच्या जागी राहते? आज खळग्यात सोडलेला मासा उद्या व्हाळात आणि परवा हिरण्यकेशीत पोचेल. गप्पीची मादी पिल्लांना जन्म देते आणि एक गाभण मादीसुद्धा नवी वसाहत उभी करू शकते. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने गप्पी आणि गॅम्बुसिया यांना परकीय आक्रमक प्रजातींत गणले आहे, ते उगाच नव्हे. गॅम्बुसिया बेडकांची पिल्ले कुरतडतो, अशा नोंदी ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियातून आहेत.

बेडूक-भेक गेले तर माणसाचे काय बिघडते, असे विचारणाऱ्यांसाठी मध्य अमेरिकेचे उदाहरण आहे. कोस्टा रिका आणि पनामात बुरशीजन्य रोगाने बेडूक मोठ्या प्रमाणात मेले. त्यानंतरच्या वर्षांत तिथे मलेरिया वाढल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. वाढ सर्वाधिक होती तेव्हा ती हजार लोकांमागे वर्षाला सुमारे एक जास्तीचा रुग्ण इतकी होती. कारणाची साखळी सगळीकडे तशीच असेल असे नाही, पण इशारा पुरेसा आहे.

करायचे काम अवघड नाही. आरोग्य खात्याने गप्पी कुठे सोडू नयेत याची यादीही पैदास केंद्रांना द्यावी. त्यात सडे, व्हाळ, देवळांची कुंडे आणि वारसा स्थळे असावीत. जिथे अळीभक्षक मासा हवाच, तिथे स्थानिक मासा पाहावा. शेजारच्या गोव्यात मलेरियाच्या डासांविरुद्ध ॲप्लोकायलस या देशी माशाच्या क्षेत्रीय चाचण्या झाल्या आणि १९९८ मध्ये त्या प्रसिद्धही झाल्या. ग्रामपंचायतीने मोहिमेत आधी घरांचे परसू तपासावेत आणि सड्याचा विषय निघेल तेव्हा जैवविविधता समितीला विचारावे. पर्यटकांनी कुंडात हौसेने मासे सोडू नयेत.

पावसात ताप आला तर अंगावर काढू नये, रक्त तपासून घ्यावे. आणि डास शोधायचाच असेल तर सुरुवात मागील दारच्या पिंपापासून करावी. सड्यावरच्या पाण्याला त्याचे काम करू द्यावे.