ओहळांच्या नावांची नोंद

स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायर प्रांतात, डी नदीच्या उगमाकडे पसरलेल्या क्रॅथी व ब्रेमार या पॅरिशमधील, म्हणजे जुन्या स्थानिक कारभाराच्या विभागातील, क्लूनी, कॅलटर, गेल्डी हे मोठे प्रवाह नकाशांत व दप्तरांत कधीच सुप्रतिष्ठित झाले आहेत. चिंता वाटते ती डोंगरउतारांवरून त्यांना येऊन मिळणाऱ्या असंख्य ओहळांच्या नावांची. कारण हरवलेली मेंढी कोठे दिसली, जखमी हरीण कोणत्या अंगास उतरले, हे एकमेकांस अचूक सांगितल्यावाचून ज्यांचे चालत नसे, त्या मेंढपाळांनी आणि शिकारी रानांच्या राखणदारांनीच ती नावे पिढ्यान्‌पिढ्या वापरात ठेवली, आणि आता ती माणसेच विरळ होत चालली आहेत.

एकोणिसाव्या शतकात ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याने पॅरिशवार नामपुस्तिका तयार करताना नाव, त्याची निरनिराळी लेखनरूपे, त्यास दाखला देणाऱ्या व्यक्ती, ठिकाण आणि वर्णन असे रकाने आखून जी शिस्त पाळली, ती आजही अनुकरणीय आहे. परंतु दाखला घ्यावयाचा तो बहुधा जमीनदाराचा, त्याच्या कारभाऱ्याचा, पाद्र्याचा अथवा शाळामास्तरांचा. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तर लहान शेतकरी व झोपडीवासी यांच्यावर, ते राहत त्या जागेच्या नावाविषयीदेखील, विसंबू नये, अशी सूचनाच खात्याने आपल्या अंमलदारांस दिली. शुद्धलेखनाचे ज्ञान ज्याच्यापाशी त्याच्यापाशीच स्थळाचेही ज्ञान असणार, हे गृहीत धरणे हा त्या थोर उद्योगातील मूलभूत दोष होय.

ॲडम वॉटसन आणि एलिझाबेथ ॲलन यांनी या खोऱ्यातील वृद्धांना विचारून, त्यांचे उच्चार जसेच्या तसे टिपून, हजारो स्थलनामांचा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध केला; त्याच वर्षी तेथील गेलिक बोली जन्मापासून बोलणारी अखेरची वृद्धा निवर्तली. ही विचारपूस त्यांनी पुढच्या पिढीवर सोपविली असती, तर विचारावे असे कोणी उरलेच नसते.

उपग्रहाने प्रत्येक ओहळाचे अक्षांश-रेखांश मिळत असता नावांचा हा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. पण उन्हाळी चराईच्या झोपड्या कोठे होत्या, जळणाचे पीट कोठून काढीत, गिरणी कोणत्या पाण्यावर चाले, याचा कित्येक ठिकाणी नावावाचून दुसरा दस्तऐवजच शिल्लक नाही.

स्कॉटलंडमधील पॅरिश हा स्थानिक कारभाराचा घटक १९३० सालीच संपुष्टात आल्यामुळे हे काम आपले म्हणणारे कार्यालय उरलेले नाही; तेव्हा प्रत्येक ठिकाणच्या सामुदायिक मंडळाने ते अंगावर घ्यावे, सांगणाऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रित करावा, एकाच ओहळास दोन घरांत दोन नावे असतील तर दोन्ही लिहावीत, विद्वानांच्या शुद्ध रूपासाठी एकही खोडू नये, आणि एक प्रत एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहात, दुसरी गावच्या शाळेत ठेवावी.