ढगातला मेळ का बसत नाही?

जयपूरहून अजमेरच्या रस्त्याने साधारण ३० किलोमीटर गेले की बगरू लागते. ठशांच्या छपाईसाठी हे गाव नावाजलेले. इथल्या छीपा मंडळींचा हा पिढीजात उद्योग. हिरड्याच्या पाण्यातून काढलेले पिवळसर कापड, गंजके लोखंड आणि गूळ पाण्यात मुरवून केलेला काळा रंग, तुरटीच्या जोरावर उठणारा लाल, आणि मातीचा लेप देऊन केलेली दाबू छपाई. अशा ठिकाणी संगणकाची तक्रार कानावर येईल असे काही वाटले नव्हते. पण गेल्या हिवाळ्यात तिथे जाणे झाले आणि नेमकी तीच आली.

ज्या घरी गेलो, तिथले बाबूजी साठीपुढचे. ठसा त्यांच्या हातात, संगणक मुलाच्या. पुण्यात कापडाचे लहानसे दुकान चालवणाऱ्या एक बाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. दोघांनी मिळून क्लाउडवर एक फोल्डर ठेवलेले. बाई त्यात मागणीची यादी लिहितात, मुलगा नक्षीची चित्रे टाकतो. बाईंनी पुण्यात बदल केला की तो बगरूच्या लॅपटॉपवर आपोआप दिसायचा, अशी सोय. यालाच 'सिंक' म्हणतात. आपण मेळ म्हणू.

त्या दिवशी बाईंचा फोन आला. मुलाने पाठवलेल्या फोटोत चादरींची जमीन काळी होती, आणि बाईंनी तर ती बदलून निळी सांगितली होती. मुलगा म्हणाला, "दीदी, आमच्या यादीत काळीच आहे." बाई म्हणाल्या, "भैया, मी दहा दिवसांपूर्वीच बदललं होतं." गंमत म्हणजे दोघेही खरे बोलत होते. पुण्याच्या संगणकावर निळी होती, बगरूच्या लॅपटॉपवर काळी. तोवर २४ चादरी छापून झाल्या होत्या. निळ्या जमिनीसाठी नक्षी मातीने झाकून कापड निळीच्या हौदात बुडवावे लागते. काळा रंग एकदा बसला की बसला. बाबूजी एवढेच म्हणाले, "कागदावरचं खोडता येतं, कापडावरचं नाही."

वाचकहो, तुमच्याकडे चादरी नसतील. पण मुलांचे फोटो, घराचे कागद, सोसायटीचा हिशेब तर असेलच. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेऊ.

क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही. कुठल्या तरी कंपनीच्या मोठ्या संगणकांवर आपल्याला दिलेली ती जागा. आपल्या संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम बसलेला असतो. ठरलेल्या फोल्डरवर तो नजर ठेवतो. काही बदलले की वर पाठवतो, वर काही नवे आले की खाली आणतो. म्हणजे पुण्याचा बदल बगरूला पोचायला दोन टप्पे: पुण्याहून वर, वरून बगरूला. यातला एक टप्पा अडला तरी मेळ बिघडतो. आणि खरी अडचण अशी की, तो बिघडला तरी फोल्डर दिसायला नेहमीसारखेच दिसते. जुनी यादी उघडते, वाचता येते, तिच्यात लिहिताही येते. शंका यायला जागाच नाही.

मुलाचा पहिला विचार अगदी सर्वांना सुचतो तोच होता: "प्रोग्रॅम काढून टाकतो आणि पुन्हा बसवतो." त्याला तिथेच थांबवले. कारण मागच्या काही दिवसांत त्याने नव्या नक्षींची जी चित्रे फोल्डरमध्ये टाकली होती, ती वर पोचलीच नसतील तर? मग ती फक्त त्या लॅपटॉपवरच होती. काही प्रोग्रॅम अशा वाटेवरच्या फाइली आपल्या एका आतल्या कप्प्यात ठेवतात. प्रोग्रॅम काढला की कप्पाही जाऊ शकतो.

ही भीती पोकळ नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्ह वापरणाऱ्या काही लोकांच्या अलीकडच्या फाइली एकाएकी दिसेनाशा झाल्या. दोष संगणकावर बसवायच्या प्रोग्रॅमच्या एका आवृत्तीत होता. तेव्हा कंपनीने पहिली सूचना दिली ती हीच, की प्रोग्रॅममधून खाते तोडू नका आणि त्याचे आतले फोल्डर पुसू किंवा हलवू नका. पुढे डिसेंबरमध्ये फाइली परत मिळवण्याची सोय प्रोग्रॅममध्येच आली. घाईने सगळे साफ करून बसणाऱ्यांची मात्र पंचाईत होणार हे उघडच आहे.

म्हणून आमचा क्रम असा. तुम्हीही हाच ठेवा.

पहिले काम, प्रत काढणे. अडलेले फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या जागी उतरवून घ्या. बगरूला पंधरा मिनिटे लागली. पण त्यानंतर सर्वांचाच जीव भांड्यात पडला.

दुसरे, चिन्ह पाहा. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, या प्रोग्रॅमचे छोटे चिन्ह असते. मॅकवर ते वरच्या पट्टीत असते. गोल फिरणारे बाण म्हणजे काम चालू; लाल फुली किंवा उद्गारचिन्ह म्हणजे काम अडले; दोन उभ्या रेघा म्हणजे थांबवून ठेवले आहे. फाइलीपुढे नुसता ढग दिसत असेल, तर ती फाइल संगणकावर नाहीच. इंटरनेट असेल तरच उघडेल. विंडोजमध्ये हे चिन्ह बाणाच्या मागे दडून बसते. मुलाच्या लॅपटॉपवरही तसेच होते. बाण दाबल्यावर उद्गारचिन्ह दिसले.

तिसरे, कोणता टप्पा अडला ते ओळखा. नेहमीचा ब्राउझर उघडून क्लाउडच्या संकेतस्थळावर आपल्या नावाने शिरा आणि तीच फाइल तिथे पाहा. तिथे नवी यादी असेल, तर पाठवणाऱ्याचे काम झाले. तुमच्या संगणकाचे अडले. तिथेही जुनीच असेल, तर दोष पाठवणाऱ्याकडे. बगरूला तिथे निळी जमीन स्वच्छ दिसली. पुण्याच्या बाई सुटल्या!

आता कारणे. ती थोडीच आहेत.

जागा संपणे हे नेहमीचे कारण. गूगल फुकट १५ जीबी देते. पण त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघे बसतात. मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह आणि ॲपलचे आयक्लाउड ५ जीबी देतात, ड्रॉपबॉक्स २ जीबी. घरच्या लग्नाचे दोन व्हिडिओ टाकले की संपले. संगणकाची स्वतःची डिस्क भरली असेल, तरीही खाली येणारे अडते.

दुसरे कारण इंटरनेटचे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा बॅटरी वाचवण्याची सोय चालू असताना काही प्रोग्रॅम आपणहून थांबतात. तिसरे कारण फाइलीचे नाव. विंडोजवर नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखी दोन टिंबे, तारा किंवा तिरकी रेघ चालत नाही. त्यामुळे फोनवरून किंवा मॅकवरून अशा नावाची फाइल आली की ती तिथेच अडकते. चौथे, फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी राहणे. ती बंद केली की सुटते. पाचवे, संगणकाच्या घड्याळाची तारीख चुकलेली असणे. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीच होत नाही.

बगरूचे कारण सहावे निघाले: खाते. बारा दिवसांपूर्वी मुलाने फोनवर पासवर्ड बदलला होता. फोनवर सगळे सुरळीत चालले. लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम मात्र जुनी किल्ली घेऊन दाराबाहेर उभा. त्याने नवा पासवर्ड मागणारी चौकट दोनतीनदा दाखवलीही. कामाच्या गडबडीत मुलाने ती न वाचताच बंद केली होती. नवा पासवर्ड घातला, बाण फिरू लागले, आणि बारा दिवसांची चित्रे एकेक करून वर गेली.

इथे आणखी एक वळण आले. यादीच्या दोन फाइली दिसू लागल्या. एकीच्या नावापुढे लॅपटॉपचे नाव जोडलेले. कारण एकच यादी दोघांनी दोन ठिकाणी बदलली होती. बाईंनी रंग बदलला, मुलाने मिळालेली उचल टिपली. खरे कुणाचे हे प्रोग्रॅमला कसे कळणार? म्हणून त्याने दोन्ही ठेवल्या. असे झाले की एकही पुसू नका. दोन्ही शेजारी उघडा, फरक पाहा, हवे ते एकीत उतरवा आणि मगच दुसरी बाजूला काढा. पुण्याला फोन लावून हे काम दहा मिनिटांत झाले.

इतके करूनही मेळ बसला नाही तर संगणक बंद करून पुन्हा चालू करावा, प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आहे का ते पाहावे. प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवणे हा शेवटचा उपाय, आणि तोही प्रत हातात असतानाच.

जाता जाता एक गोष्ट मनात पक्की करा. मेळ राखणारे फोल्डर म्हणजे आरसा आहे, पेटी नव्हे. इथे पुसले की तिथेही पुसले जाते. इथे चुकीचे लिहिले की तिथेही तेच उमटते. पुसलेली फाइल गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते, मग जाते. घरगुती वनड्राइव्हचेही तसेच. तेव्हा महत्त्वाच्या गोष्टींची एक वेगळी प्रत, मेळाशी संबंध नसलेल्या डिस्कवर, महिन्यातून एकदा काढून कपाटात ठेवावी. डिस्क कायम जोडून मात्र ठेवू नये.

चादरींचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. बाईंनी त्यातल्या बारा काळ्याच ठेवून घेतल्या. उरलेल्या बगरूलाच राहिल्या, आणि तो खर्च बाबूजींनी सोसला. मुलाने तेव्हापासून दोन नेम केले आहेत. पहिला ठसा टेकवण्याआधी यादी संकेतस्थळावर उघडून पाहायची आणि पुण्याला फोन करून रंग तोंडी विचारायचा. दुसरा, महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळी चित्रे वेगळ्या डिस्कवर उतरवायची.

बाबूजींना हे समजावून सांगताना फार बोलावे लागले नाही. त्यांच्या मागच्या फळीवर झिजलेले जुने ठसे ओळीने मांडलेले होते. छापायला ते आता उपयोगाचे नाहीत. पण त्यांच्यावरून नवा ठसा कोरून घेता येतो, म्हणून एकही टाकलेला नाही. मुलाने डिस्क तिथेच, त्या ठशांशेजारी ठेवली आहे.