आधी माणूस, मग चॅसिस

आपल्याकडे गाडी बनवायचा विषय निघाला की सगळे इंजिनावर तुटून पडतात. सीसी किती, पिकअप किती! पण स्टिअरिंग आणि पेडल कुठे बसवणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "बसेल गं कुठेतरी!" माझं भांडण या 'कुठेतरी'शी आहे.

बाहा स्पर्धा २००७ मध्ये पिथमपूरला सुरू झाली, २०११ मध्ये सुप्रा आली. फॉर्म्युला भारत कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. फॉर्म्युला प्रकारच्या या गाड्यांचे नियम वाचा. ब्रेक पेडलने २००० न्यूटन जोर सोसला पाहिजे, म्हणजे जवळजवळ दोनशे किलोंचा भार! पट्टे बांधलेला ड्रायव्हर ५ सेकंदांत बाहेर आला पाहिजे, म्हणून स्टिअरिंग झटक्यात निघणारं हवं. म्हणजे नियम करणाऱ्यांनी आधी माणसाचा विचार केला.

अमेरिकेतल्या फॉर्म्युला एसएईचा नियम तर स्पष्ट सांगतो की गाडीत उंच पुरुषापासून ठेंगण्या बाईपर्यंत सगळे नीट बसले पाहिजेत. आपण मात्र उंच टोक तेवढं मोजतो. मग चाचणीच्या दिवशी कोणाचे पाय पेडलला पोचतात, यावर ड्रायव्हर ठरतो! क्लचचं गणित जिला उत्तम जमतं, ती टायमर घेऊन बाहेर उभी. शिवाय पाठीमागे उशा लावून चालवणं धोक्याचंच. जोरात ब्रेक मारताना उशी दबते, सरकते, आणि पाय कमी पडतो.

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे 'सुकाणू' हा शब्द मला मालवणच्या जेटीवर भेटला. होडीत सुकाणूची दांडी धरणाऱ्याच्या हाताशी असते. उरलेल्या जागेत ती कोंबत नाहीत. एवढं साधं शहाणपण आपल्या ड्रॉइंगमध्ये का नसावं?

उपाय महागडा नाही. वेल्डिंगच्या आधी प्लायवूडचा सांगाडा करा. टीममधल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या मेंबरला हेल्मेट घालून त्यात बसवा. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेला पोचतं का? ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहतो का? चाक पूर्ण वळवताना हात मांडीवर आपटतो का? मग पेडल बॉक्स पट्टीवर, तीन-चार भोकांत पिनने पुढेमागे सरकेल असा करा. भंगारातला मारुती ८०० चा रॅक वापरा हवं तर, पण कॉलमचा कोन या सांगाड्यावरूनच ठरवा. आपल्याकडचा खारा वारा पिना आणि रॉड एंड लगेच गंजवतो, तेव्हा ग्रीस आणि प्लेटिंगमध्ये कंजुषी नको. अडकलेलं पेडल हे नसलेल्या पेडलपेक्षा वाईट.

"वजन वाढेल ना!" असं कुणी म्हणेलच. वाढेल थोडं. पण ज्याचा पाय ब्रेकवर पूर्ण आणि ठाम पडतो, तो वळणाच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक मारू शकतो. तिथे वाचलेला वेळ त्या वजनाची भरपाई करेल.

सरांना एकच विनंती : प्रोजेक्टच्या पहिल्या रिव्ह्यूला इंजिनाचं स्पेसिफिकेशन नंतर बघा, आधी हा प्लायवूडचा सांगाडा मागा आणि त्यात टीममधल्या प्रत्येकाला बसवून बघा. गाडी कोण चालवणार, हे ज्याच्या-त्याच्या कौशल्यावर ठरू दे. लांब टांगा हे काही क्वालिफिकेशन नाही!