मत वाया गेले नाही!

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला आणि पिंपरीच्या संत तुकाराम नगरातील आम्ही आंबेडकरी मतदार पुन्हा निराश झालो. आमच्या मावळात श्रीरंग बारणे ९६,६१५ मतांनी जिंकले. तिकडे अकोल्यात अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर पडले. वंचित बहुजन आघाडीचा एकही खासदार झाला नाही. वर आम्हालाच ‘मते खाणारे’ ठरवले गेले.

आम्ही विचारतो, आमचे मत कुणाची जहागीर आहे काय? १९९८ ला रिपब्लिकन ऐक्य होते, काँग्रेसशी समझोता होता. तेव्हा याच मतदाराने प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले हे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत पाठवले. मतदार तोच आहे. ऐक्य मोडले ते नेत्यांनी आणि जागा सोडताना हात आखडला तो मित्र म्हणवणाऱ्या पक्षांनी.

खुद्द बाबासाहेब १९५२ ला उत्तर मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात पराभूत झाले. तरी राज्यसभेत ते अखेरपर्यंत लढले. बांधवांनो, निराश व्हा, पण घरी बसू नका. उद्या वस्तीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला आधी ऐक्याचा हिशेब विचारा. जयभीम!