न्यायासनापुढचा कुणबी

मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या इमारतींत २०१५ सालापासून एक संग्रहालय आहे. बारामती-इंदापुराकडील जीं कुटुंबें मुंबईस जातात, त्यांनीं तें मुलांसह अवश्य पाहावें. १८७८ सालीं पुऱ्या झालेल्या त्या वास्तूचा डौल पाहावा. १९०८ सालीं लोकमान्यांस सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली, त्या दालनाजवळचा स्मृतिलेख वाचावा. परंतु एवढ्यानें न्यायालयाचा इतिहास कळला, असें समजून परतूं नये.

न्यायालयाचा इतिहास जितका आसनावर बसणाऱ्यांचा, तितकाच पायरीवर ताटकळणाऱ्यांचा. आपलें सुपेंच घ्या. आज बारामती तालुक्यांत असलेलें हें गांव तेव्हां भीमथडींत होतें. १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, तेथील कुणबी सावकारांवर उठले. दंग्याचें लोण इंदापूर तालुक्यांतही पोहोंचलें. त्यांना हवे होते रोखे आणि हुकूमनामे; हातीं येतांच त्यांनीं त्यांची होळी केली.

हा राग कागदावर कां? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा. परिणाम उलटा झाला. सावकार व्याज मुद्दलांत मिळवून दर तीन वर्षांनीं नवा रोखा लिहून घेई. निरक्षर कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी. पुढें दूरच्या कोर्टांत तो हजर राहूं शकत नसे, आणि निकाल एकतर्फी लागे. कायद्याचें अक्षर पाळलें गेलें. न्याय मात्र बुडाला. अखेर १८७९ सालीं सरकारासच दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा करावा लागला. रोख्यामागील मूळ हिशेब तपासण्याचें काम त्यानें न्यायाधीशांवर सोंपविलें, आणि देण्यापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकणें बंद केलें. ही न्यायपद्धतीच्या अपयशाची कबुली नव्हे तर काय?

कोणी म्हणेल, दंगेखोरांस न्यायमंदिरांत स्थान कशास? त्यांस आमचा उलट प्रश्न आहे. टिळकही त्या न्यायासनापुढें अपराधीच ठरले होते. तरी त्यांनीं निकालानंतर काढलेले उद्गार १९५६ सालीं त्याच न्यायालयानें मानानें भिंतीवर लावले. तेणेंकरून न्यायालयाची प्रतिष्ठा वाढलीच. मग कुणब्याच्या रोख्यानें ती कशी उणावेल?

म्हणून आमची मागणी एवढीच: बारामतीस वा इंदापुरास एक लहानसें दालन उभारावें, आणि तेथें त्या काळचें समन्स, नांगराच्या निशाणीचा रोखा व एकतर्फी हुकूमनामा हीं एका ओळींत मांडावींत. न्यायाधीशाची खुर्ची नसली तरी चालेल; तिच्यासमोर जो उभा राहूं शकला नाहीं, त्याची निशाणी तेथें असली पाहिजे.