वेगळे कुणी ठेवले?

जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. तेव्हापासून आमच्या मुळशी तालुक्यातही एक युक्तिवाद ऐकू येतो. महारवाडा, मांगवाडा गेले, समतानगर, भीमनगर आले, मग जुने उकरता कशाला? आणि वाडे वेगळे होते ते कामाच्या सोयीसाठी, गाव तर एकच होते ना!

नावे बदलली हे योग्यच झाले. शाळेत पत्ता सांगताना मुलाला जात सांगावी लागू नये. पण सोयीचा मुद्दा साफ खोटा आहे. सोय होती तर पाणवठा वेगळा का? मसणवटा वेगळा का? गावकीची कामे करायला वेशीच्या आत यायचे आणि कामे उरकली की बाहेर जायचे, यात सोय कुणाची होती? दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फेरवुर्ट वर्णभेदाला चांगला शेजारधर्म म्हणत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1896 मध्ये प्लेसी खटल्यात काळ्या-गोऱ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे वैध ठरवले, तेही समानतेला धक्का लागत नाही असे सांगून. वेगळे ठेवणाऱ्याने स्वतःच्या कृत्याला शोभेसे नाव देणे ही जगभरची रीत आहे.

आपल्याकडे वेगळे ठेवलेल्या माणसांना काय म्हणायचे, यावरून मोठा झगडा झाला. विठ्ठल रामजी शिंद्यांनी 1906 मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, मराठीत त्याला निराश्रित साह्यकारी मंडळी म्हणत. शिंद्यांच्या तळमळीवर शंका घेणे कृतघ्नपणा होईल. तरीही 'निराश्रित' म्हटले की आश्रय हिरावला कुणी, हे विचारायचे राहून जाते. डॉ. आंबेडकरांनी 1924 मध्ये संस्थेला नाव दिले बहिष्कृत हितकारिणी सभा, आणि 1927 मध्ये पत्राला 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत म्हटले की बहिष्कार घालणाऱ्याचीही चौकशी करावीच लागते. पुढे 1933 मध्ये गांधीजींचे 'हरिजन' साप्ताहिक पुण्यातून निघू लागले आणि तो शब्द सरकारी कागदांपर्यंत पोचला. 1938 मध्ये मुंबई विधानसभेतल्या एका विधेयकात तो आला, तेव्हा आंबेडकरांचे सहकारी भाऊराव गायकवाड यांनी हरकत घेतली. ती मानली गेली नाही, म्हणून आंबेडकरांच्या पक्षाने सभात्याग केला. ज्यांना हे नाव चिकटवले जात होते त्यांनाच ते नको होते. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

म्हणून माझे म्हणणे असे, की पत्ता बदला, पण इतिहास सांगताना वाक्यातला कर्ता गाळू नका. 'वस्त्या गावाबाहेर होत्या' असे पाठ्यपुस्तकात नको, 'गावाने माणसांना गावकुसाबाहेर ठेवले' असे हवे.

आजच्या मुळशीलाही हीच कसोटी लावा. कातकऱ्यांना शासन आदिम जमात म्हणते. आदिम म्हटले की त्यांचे दारिद्र्य जणू जन्मजात ठरते, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या जागेवर झोपडी आहे ती दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर कशी, हा प्रश्न मागे पडतो. हिंजवडीच्या बाजूला घरे शोधणाऱ्यांना 'फक्त शाकाहारी कुटुंबासाठी', 'सुसंस्कृत सोसायटी' अशी भाषा ऐकावी लागते. आडनाव ऐकल्यावर घर 'नुकतेच दिले गेलेले' असते. याला सोसायटीचा नियम किंवा मालकाची आवड म्हणायला मी तयार नाही. हा बहिष्कार आहे, आणि तक्रार लिहिताना हाच शब्द लिहावा.